कऱ्हेच्या खोऱ्यावर लघुप्रबंध: भूगोलात एम.ए. करताना काय काय करावं लागतं

भूगोलाच्या एम.ए.ला पहिल्या सत्रात एक आकृती सगळ्यांच्या वहीत येते. वर 'भूगोल', खाली दोन फांद्या: प्राकृतिक आणि मानवी. एकीखाली भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान, मृदा भूगोल, जैवभूगोल. दुसरीखाली लोकसंख्या, वस्ती, कृषी, आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक भूगोल. बाजूला तंत्रांचा चौकोन: मानचित्रशास्त्र, दूरसंवेदन, जीआयएस (संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली), संख्याशास्त्र. लेखी परीक्षेत या आकृतीवर मार्क मिळतात. लघुप्रबंधाची वेळ आली की मात्र तिचा फारसा आधार मिळत नाही, कारण जमिनीवर या शाखा अशा वेगवेगळ्या उभ्या नसतात. जून 2025 मध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. या वाटेवर नव्याने निघालेल्यांना काय लागतं, कुठे थांबावं लागतं आणि गणित कुठे चुकतं, ते क्रमाने लिहिते आहे.

आधी रचना. महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चालतो. दोन वर्षांची मिळून 88 क्रेडिट. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग, तिसऱ्यात 4 आणि चौथ्यात 6 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. म्हणजे प्रकल्पाला नावाला एक वर्ष मिळतं, पण पावसाळा, दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा वजा केल्या की हातात निम्माच वेळ उरतो. हा हिशोब जुलैमध्येच मांडून ठेवावा.

पहिलं वर्ष जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीत, जातं. प्रात्यक्षिक परीक्षेला विभागप्रमुखांच्या सहीचं प्रमाणित जर्नल लागतं, आणि ती सही शेवटच्या आठवड्यात मागायला गेलं तर रांग असते. प्रत्येक प्रात्यक्षिक झालं की त्याच आठवड्यात तारीख आणि सही घ्यावी. प्रिझमॅटिक कंपासच्या सर्वेक्षणात पुढचा आणि मागचा दिगंश (एका स्थानकावरून दुसऱ्याकडे आणि तिथून उलट बघताना उत्तरेपासून मोजलेले कोन) यांत बरोबर 180 अंशांचा फरक यायला हवा. तो येत नसेल तर आधी खिशातला मोबाइल, किल्ल्या, जवळचा विजेचा खांब आणि उभी गाडी बघावी. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे काही ठिकाणी खडकावरच सुई सरकते. अशा वेळी ते स्थानक बदलण्याऐवजी ज्या दोन स्थानकांमध्ये फरक बरोबर 180 आला आहे ती निर्दोष धरायची आणि तिथून पुढच्या दिगंशांची दुरुस्ती करत जायची. बहुभुज बंद झाला नाही तर बाउडिच पद्धतीने चूक भुजांच्या लांबीच्या प्रमाणात वाटतात, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं.

जुलै 2024 मध्ये विषय ठरवायचा होता. 'पुणे जिल्ह्यातील कृषी भूमी उपयोजन' असे विषय मार्गदर्शक पटकन मान्य करतात, पण एका विद्यार्थ्याला जिल्हा झेपत नाही. सोयीचं एकक म्हणजे नदीचं खोरं. त्याची सीमा निसर्गाने आखलेली असते आणि तिच्या आत प्राकृतिक व मानवी दोन्ही भूगोल बसतात. मी कऱ्हेचं खोरं घेतलं. ही नदी पुरंदर तालुक्यात गराड्याजवळच्या डोंगरात उगम पावते, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. पश्चिमेला डोंगर आणि बरा पाऊस, पूर्वेकडे पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश, बारामतीपर्यंत पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. मधे जेजुरीजवळ नाझरे धरण. एवढं वैविध्य एसटीने जाऊन बघता येईल इतक्या अंतरात आहे. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने प्रवासाचा खर्चही आटोक्यात राहिला.

ऑगस्टमध्ये नकाशे जमवले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली की 1:50,000 प्रमाणावरच्या खुल्या मालिकेतल्या टोपोशीट (स्थलनिर्देशक नकाशे) पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. अडचण क्रमांकांची होते. विभागातल्या कपाटात जुने क्रमांक असतात, पोर्टलवर नवे. जुन्या पद्धतीत 47 क्रमांकाचा चार अंशांचा चौकोन, त्याचे ए ते पी असे एक-एक अंशाचे सोळा भाग, आणि प्रत्येकाचे पुन्हा 15 मिनिटांचे सोळा. हे सोळा भाग वरून खाली मोजत जायचे आणि मग पूर्वेकडच्या स्तंभात सरकायचं. या हिशोबाने उगमाकडचा भाग 47 एफ/15 मध्ये, सासवड-जेजुरी 47 जे/3 मध्ये, मोरगाव 47 जे/7 मध्ये आणि बारामती 47 जे/12 मध्ये येते. मधला पट्टा 47 जे/8 मध्ये आहे, तो विसरला तर नदी मधेच तुटते. खुल्या मालिकेतले आपल्या भागाचे क्रमांक ई 43 ने सुरू होतात.

जुन्या आणि नव्या शीट एकत्र वापरताना एक गोष्ट सांभाळावी लागते आणि बहुतेकांचे नकाशे तिथेच बिघडतात. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार) आणि बहुशंकू प्रक्षेपणावर आहेत, नव्या डब्ल्यूजीएस 84 आणि यूटीएमवर. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या शीटचे कोपरे सरळ डब्ल्यूजीएस म्हणून भरले तर आपल्या भागात सगळं शंभर मीटरहून जास्त सरकतं. 1:50,000 वर शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. कागदावर ते डोळ्यात भरत नाही, पण जीपीएसवर घेतलेली विहीर नकाशात ओढ्यात जाऊन पडते. कऱ्हेच्या खोऱ्यासाठी यूटीएम विभाग 43 उत्तर, म्हणजे ईपीएसजी 32643, हा संकेतांक प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावा.

सप्टेंबरमध्ये खोऱ्याची सीमा आणि प्रवाह. इथे भूरूपशास्त्र सुरू होतं. टोपोशीटवर समोच्च रेषांचं अंतर साधारण 20 मीटर असतं. सीमा आखताना पाणलोटरेषा समोच्च रेषांना काटकोनात छेदत जाते. ती कुठे प्रवाह ओलांडत असेल तर सीमा चुकली आहे. कोरडे ओढे टोपोशीटवर काळ्या रंगात असतात, फक्त निळ्या रेषा गिरवल्या तर पहिल्या श्रेणीचे (ज्यांना वरून दुसरा प्रवाह मिळत नाही असे) बहुतेक प्रवाह गळतात. पुरंदरच्या उतारावर तर जवळजवळ सगळेच गळतील.

दुसरा मार्ग एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारने मोजलेल्या) 30 मीटरच्या उंची-माहितीवरून प्रवाह काढण्याचा. खळगे भरणे, प्रवाहाची दिशा, प्रवाहसंचय आणि मग उंबरठा. किती पेशींचं (या माहितीच्या जाळीतल्या चौकोनांचं) पाणी जमा झालं की प्रवाह म्हणायचं, ते आपण ठरवायचं असतं. एक पेशी 900 चौरस मीटरची, म्हणून 100 पेशींचा उंबरठा म्हणजे 9 हेक्टर, 500 चा म्हणजे 45 हेक्टर. उंबरठा बदलला की पहिल्या श्रेणीच्या प्रवाहांची संख्या आणि जलनिस्सारण घनता (क्षेत्राच्या मानाने प्रवाहांची एकूण लांबी) दोन्ही बदलतात. म्हणून आधी टोपोशीटचा एक तुकडा हाताने गिरवून, त्याच्याशी जुळेल तो उंबरठा निवडायचा आणि हे कारण प्रबंधात लिहायचं. नाझरे जलाशयावर संगणक सरळसोट समांतर रेषा काढतो, कारण पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. तिथे जुन्या शीटवरून नदीचा मूळ मार्ग हातानेच घ्यावा.

स्ट्रालरच्या पद्धतीत समान श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले तरच पुढची श्रेणी. दुसरीला पहिली मिळाली तर दुसरीच राहते. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही द्विभाजन गुणोत्तर (एका श्रेणीच्या प्रवाहांची संख्या भागिले पुढच्या श्रेणीची संख्या) चुकतं, आणि त्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते प्रत्येक संगमाला रेषा तोडतं. एकच दुसऱ्या श्रेणीचा प्रवाह पाच तुकड्यांत नोंदला जातो आणि आपण पाच मोजतो. मग गुणोत्तर 2 च्या आसपास येतं. नैसर्गिक खोऱ्यांत ते साधारण 3 ते 5 असतं, त्यामुळे 2 दिसलं की आधी तुकडे जोडून सलग प्रवाह करावेत आणि पुन्हा मोजावं. हॉर्टनने 1945 मध्ये मांडलेले नियम आणि स्ट्रालरची 1950 च्या दशकातली दुरुस्ती मूळ लेखांतून वाचली, तर प्रवाह म्हणजे काय मोजायचं हे पक्कं होतं. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यावरून ते होत नाही.

ऑक्टोबरमध्ये विहिरी. पाण्याची पातळी मोजायचे दोन हंगाम: पावसाळ्यानंतर ऑक्टोबर आणि उन्हाळ्याअखेर मे. लागतं ते वजन बांधलेली टेप, जीपीएस आणि वही. लेझर मापक पाण्यावर भरवशाचं नसतं. मोजणी सकाळी मोटार सुरू व्हायच्या आत करायची, कारण उपसा सुरू असताना येते ती स्थिर पातळी नसते. टेप कठड्यावरून सोडली तर कठड्याची उंची वजा करायची. ती न केल्यामुळे शेजारच्या दोन विहिरींत मीटरभर फरक दिसतो आणि लोक त्याची भूशास्त्रीय कारणं शोधत बसतात. शेतकऱ्याला आधी विचारून, नाव न लिहिता फक्त विहीर क्रमांक देऊन नोंद करावी. पाणी किती हात आहे, बोअर कधी घेतला, कितीव्या फुटाला पाणी लागलं, हे लोक मोकळेपणाने सांगतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी अर्ज करून मिळवल्या तर आपली दोन मोजमापं मोठ्या काळाशी ताडून बघता येतात.

याच महिन्यात वाट बघणं सुरू झालं. गावनिहाय पिकांचा गोषवारा ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून (तलाठ्यांकडून) हवा होता. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि 20 नोव्हेंबरला मतदान होतं. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक, शिक्षक सगळे निवडणुकीच्या कामात. डिसेंबर उजाडला तरी काही गावांची माहिती नव्हती आणि मनावर त्याचा ताण होता. निवडणुकीच्या वर्षात अशी कागदपत्रं सप्टेंबरच्या आत मागावीत. सोबत विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्राची प्रत, आणि नेमकी कोणती माहिती कोणत्या वर्षाची हवी याचं अर्ध्या पानाचं कोष्टक. 'गावाची सगळी माहिती' असं लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, कोष्टक दिलं की ते भरून मिळतं.

पावसाची आकडेवारी त्या मानाने सोपी. भारतीय हवामान विभागाची 0.25 अंश जाळीची दैनंदिन पर्जन्य माहिती 1901 पासून मोफत आहे. पण 0.25 अंश म्हणजे सुमारे 27 किलोमीटर. कऱ्हेच्या खोऱ्यावर अशा मोजक्याच पेशी पडतात आणि पश्चिम-पूर्व उतार त्यात बोथट होतो. म्हणून कृषी विभागाची मंडळनिहाय पर्जन्य नोंद जोडीला घ्यावी. ती अलीकडच्या वर्षांचीच असते, मात्र पश्चिमेकडचं सासवड आणि पूर्वेकडचं सुपे यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो.

लोकसंख्येसाठी 2011 ची जिल्हा जनगणना पुस्तिका. त्यानंतरची जनगणना झालेली नसल्याने दुसरा पर्याय नव्हता. खोऱ्याची सीमा गावाच्या सीमेशी जुळत नाही, ही खरी पंचाईत. ज्या गावाचं गावठाण खोऱ्यात, ते पूर्ण गाव खोऱ्यात, असा एक नियम धरावा आणि तो लिहून ठेवावा. वस्ती भूगोलात निकटतम शेजारी पद्धत वापरतात: सर्वांत जवळच्या गावापर्यंतच्या सरासरी अंतराची दुप्पट गुणिले गावांच्या घनतेचं वर्गमूळ. 400 चौरस किलोमीटरमध्ये 50 गावं आणि सरासरी अंतर 2 किलोमीटर असेल तर उत्तर 1.41. शून्य म्हणजे एकत्रित, 1 म्हणजे यादृच्छिक, 2.15 म्हणजे पूर्ण सम वितरण. गणित सोपं, अर्थ लावणं अवघड. पुरंदरात एका महसुली गावाच्या कितीतरी वाड्या असतात. फक्त गावठाणाचे बिंदू घेतले तर वितरण सम दिसतं, वाड्या घेतल्या की ते एकत्रित होण्याकडे झुकतं. शिवाय सीमेलगतच्या गावाचा खरा शेजारी खोऱ्याबाहेर असू शकतो. अंतर मोजताना तोही धरावा.

डिसेंबर-जानेवारीत घरोघरी प्रश्नावली. कोबोटूलबॉक्स हे प्रश्नावली भरायचं साधन मोबाइलवर नेटवर्कशिवाय चालतं, सुप्याच्या परिसरात त्याचा उपयोग झाला. तारखा ठरवताना पंचांग बघावं. 30 डिसेंबर 2024 ला सोमवती अमावस्या होती. त्या दिवशी जेजुरीहून खंडोबाची पालखी कऱ्हास्नानाला निघते आणि सगळा परिसर माणसांनी भरलेला असतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी सासवड-जेजुरीवरून आणि तुकोबांची बारामतीवरून जाते, तेव्हाही सर्वेक्षणाला कुणाकडे वेळ नसतो.

उत्पन्न किती, हा प्रश्न ठेवू नये. उत्तर येत नाही, आलं तर खरं नसतं. त्याऐवजी क्षेत्र, पीक, जनावरं, पाण्याचं साधन विचारावं. क्षेत्र लोक एकर-गुंठ्यात सांगतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. 40 गुंठे म्हणजे 1 एकर, 2.47 एकर म्हणजे 1 हेक्टर; प्रश्नावलीत एकक निवडायचा वेगळा रकाना नसेल तर नंतर आकडा कशातला ते ओळखता येत नाही. आधी दहा घरांत चाचणी घ्यावी, निम्मे प्रश्न तिथेच बदलतात. आणि बायकांशी वेगळं बोलावं. पाणी आणायला किती वेळ जातो हे घरातल्या पुरुषाला माहीत नसतं.

कृषी भूगोल या खोऱ्यात अगदी डोळ्यांसमोर आहे. वर पुरंदरात अंजीर आणि सीताफळ. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. मधे सुपे-मोरगावकडे बाजरी-ज्वारीची कोरडवाहू शेती. खाली बारामतीला नीरा डाव्या कालव्याचा ऊस, आणि तो कालवा 1885 पासूनचा. याचा अर्थ ऊस कऱ्हेच्या खोऱ्यात पिकतो, पण पाणी नीरेचं. वर पुरंदर उपसा सिंचन योजनेने मुळा-मुठेचं पाणी आणलं आहे. खोरं हे नैसर्गिक एकक म्हणून निवडलं तरी पाणी माणसाने खोऱ्याबाहेरून आणलेलं असतं, आणि माझ्या मते या सगळ्या अभ्यासातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. भूरूपशास्त्राच्या प्रकरणात आखलेली पाणलोटरेषा कृषी भूगोलाच्या प्रकरणात पुरेशी ठरत नाही. भूगोलाच्या शाखा एकमेकींना का लागतात, हे आकृतीतून समजत नव्हतं ते इथे समजलं. वीव्हरच्या 1954 च्या पीकसंयोग (कोणती पिकं मिळून प्रमुख ठरतात ते काढायच्या) पद्धतीने गावनिहाय गट पाडले की पीकसंयोगाची सीमा कालव्याला धरून जाते.

फेब्रुवारीत जमिनीच्या वापराचे वर्ग पाडायला उपग्रह प्रतिमा. सेंटिनेल-2 च्या 10 मीटर प्रतिमा मोफत आहेत. खरिपात ढग, म्हणून रब्बीच्या घ्याव्यात. फळबाग आणि ऊस, काढणी झालेलं शेत आणि पडीक जमीन, या जोड्यांची गल्लत ठरलेली. प्रत्येक वर्गासाठी किमान 50 बिंदू जमिनीवर किंवा स्पष्ट प्रतिमेवर तपासून अचूकतेचं कोष्टक करावं. ते नसेल तर परीक्षक नकाशा बाजूला ठेवतात.

मोरगावला जाणार असाल तर नदीकाठच्या गाळाचे थर नक्की बघा. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलेला आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात. ती सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाल्याने या वयाला महत्त्व आहे. थर उकरू नये, नमुने नेऊ नयेत. फोटो काढताना मापासाठी पट्टी ठेवावी.

मार्च-एप्रिल लेखनाचे. मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या प्रणालीला वाचता येत नाही आणि फाइल परत येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. नकाशावर शीर्षक, प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, सूची, अक्षांश-रेखांश हे सगळं हवं. 'एक सेंटिमीटरला इतके किलोमीटर' असं शब्दांत लिहिलेलं प्रमाण छपाईत आकार बदलला की खोटं ठरतं, रेषेची प्रमाणपट्टी नकाशासोबत लहान-मोठी होते. खर्च सगळ्यात जास्त छपाईवर होतो: मोठ्या कागदावर रंगीत नकाशा दीडशे रुपयांच्या आसपास, सोनेरी अक्षरांच्या बांधणीला प्रतीमागे अडीचशे-तीनशे. प्रवास धरून सगळा खर्च सात-आठ हजारांत बसला.

उन्हाळ्याची विहीर-मोजणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. 2025 मध्ये मेअखेरीस बारामती भागात अतिवृष्टी झाली आणि 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. त्यानंतर मोजलेली पातळी उन्हाळ्याची म्हणता येत नाही.

तोंडी परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो, पण प्रश्न आपण केलेल्या निवडींवरच असतात. उंबरठा एवढाच का? डेटम कोणता? नमुना कसा निवडला? द्विभाजन गुणोत्तर वाढलं तर पुराबद्दल काय सांगता येतं? प्रत्येक निवडीचं एका वाक्यातलं कारण वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. नकाशांच्या मूळ फाइली पेन ड्राइव्हमध्ये बरोबर न्या, परीक्षक एखादा थर उघडून दाखवायला सांगतात. परीक्षा झाली की कच्ची माहिती आणि प्रश्नावलीचा तक्ता विभागात एक प्रत म्हणून द्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरी कुणाला मोजायच्या असतील तर विहिरींचे क्रमांक आणि जीपीएसच्या नोंदी तयार मिळतील.